साथीचे गणित आणि आठवड्याचा बाजार



साथीचा रोग आला म्हणजे तो कोठून आला आणि कोणाच्या हलगर्जीपणाने आला, याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. परंतु रोग न झालेली कितीतरी माणसे गावात शिल्लक असतानाच साथ ओसरू कशी लागते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. या प्रश्नाचे एक प्रसिद्ध गणिती उत्तर ज्या आकड्यांवर पडताळून पाहण्यात आले, ते आकडे आपल्याच मुंबईचे आहेत.

1896 साली मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि पुढे कित्येक वर्षे हा रोग त्या शहरात ठाण मांडून बसला. डिसेंबर 1905 ते जुलै 1906 या काळात तेथे प्लेगने आठवड्यागणिक किती मृत्यू झाले, याचे दप्तर जतन झाले होते. तेच आकडे 1927 साली एडिंबरोचे कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी आपल्या निबंधात घेतले. मॅकेंड्रिक हिंदुस्थानच्या वैद्यकीय खात्यात नोकरी केलेले आणि कसौलीच्या पाश्चर संस्थेत राहिलेले. कर्मॅक प्रयोगशाळेतील अपघातात 1924 साली दृष्टीस मुकलेले.

त्यांची रीत सावकाराच्या वहीसारखी सरळ आहे. सबंध लोकसंख्या तीन खात्यांत मांडायची : ज्यांना रोग होऊ शकतो ते, ज्यांना तो झालेला आहे ते, आणि जे बरे होऊन वा मृत्यू पावून हिशेबातून निघाले ते. पहिल्या खात्यातून दुसऱ्यात होणारी बदली पहिल्या दोन खात्यांतील माणसांच्या गाठीभेटींवर अवलंबून असते. एक रोगी आरंभी सरासरी तिघांना रोग देत असेल, तर पहिल्या खात्यात मूळच्या एकतृतीयांशाहून कमी माणसे उरताच तो एकापेक्षा कमी माणसांना रोग देऊ लागतो, आणि कोणीही हुकूम न सोडता साथ उताराला लागते. मुंबईच्या आकड्यांचा चढउतार त्यांच्या आलेखाशी ढोबळ मानाने जुळला. मात्र प्लेग हा मुळात उंदरांचा रोग असल्यामुळे आपली गृहीते येथे काटेकोरपणे लागू पडत नाहीत, हे त्या दोघांनी स्वतःच नमूद करून ठेवले. गणित करणाराने हा प्रांजळपणा शिकण्यासारखा आहे.

आता आपल्या नंदुरबार जिल्ह्याकडे येऊ. 18 फेब्रुवारी 2006 रोजी नवापूरच्या कुक्कुटपालनगृहांत बर्ड फ्लूचा प्रादुर्भाव झाल्याचे जाहीर झाले, आणि भारतात या रोगाची अधिकृत नोंद प्रथम झाली ती येथेच. त्यानंतर बाधित जागेभोवती ठराविक अंतराचे वर्तुळ आखून, त्यातील निरोगी दिसणाऱ्या कोंबड्यासुद्धा मारण्यात आल्या. पाळणाऱ्यांच्या दृष्टीने ही आपत्ती होती, आणि तिच्या मुळाशी तेच गणित होते : पहिले खाते रिकामे करा, म्हणजे दुसऱ्या खात्यात काही जमा होणार नाही. माणसांत तेव्हा एकही रुग्ण सिद्ध झाला नाही. तथापि मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यात रोग आढळला, आणि 2021 च्या फेब्रुवारीत नवापुरातच तो पुन्हा दिसला. कारण नकाशावरचे वर्तुळ कागदावर जितके बंद असते, तितके ते रस्त्यावर नसते. ज्या नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत आहे, तेथे हे वेगळे सांगावयास नको.

येथेच माझ्या सांगण्याचा मुख्य मुद्दा येतो. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांच्या मांडणीत प्रत्येक माणूस इतर प्रत्येकाला सारख्याच संभवाने भेटतो, असे धरलेले असते. अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांतील पाड्यांत घरे डोंगरउतारांवर विखुरलेली असतात, आणि नर्मदाकाठच्या काही वस्त्यांपर्यंत दवाखानासुद्धा बोटीने न्यावा लागतो. अशा मुलखात माणसांच्या गाठीभेटी विरळ असतील, असा तर्क कोणीही करील, आणि आठवड्याचे सहा दिवस तो बहुधा खराही ठरेल. परंतु सातव्या दिवशी बाजार भरतो. होळीपूर्वी भोंगऱ्याचा बाजार भरतो, काठी गावच्या होळीला दूरदूरचे लोक लोटतात. आणि पावसाळा सरला की ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे गुजरातेत उतरतात व उन्हाळ्याच्या तोंडी परततात. रोगाच्या दृष्टीने वर्षाचा बराचसा व्यवहार या थोड्या दिवसांत उरकतो.

गोवराचे उदाहरण घ्या. लस न घेतलेल्या समाजात गोवराचा एक रोगी साधारणतः बारा ते अठरा जणांना रोग देतो, आणि म्हणून शंभरातील सुमारे पंचाण्णव जणांना प्रतिकारशक्ती असली पाहिजे, असे हिशेब सांगतो. जिल्ह्याची सरासरी पंचाण्णव भरली, तरी उरलेले पाच टक्के जर मोजक्याच पाड्यांत एकत्र राहत असतील, तर सरासरी खरी असूनही तिचा निष्कर्ष खोटा ठरेल. तेव्हा लसीकरणाच्या तक्त्यात टक्केवारीबरोबर पाड्याचे नाव पाहिजे, ऊसतोडीला गेलेल्या मुलांची परतण्याची तारीख पाहिजे, आणि बाजाराचा वार पाहिजे. कोणता पाडा कोणत्या बाजाराला जातो, एवढा तपशील आशा कार्यकर्तीला तोंडपाठ असतो. तो तिला विचारून घेण्यास यंत्र लागत नाही.

गणित रोग बरा करीत नाही, आणि उद्याचे भविष्यही छातीठोकपणे वर्तवीत नाही. आपण काय मोजले नाही, हे ते दाखवून देते. मुंबईच्या कारकुनांनी आठवड्यागणिक मृत्यूंची नोंद ठेवली, म्हणून वीस वर्षांनी त्यातून एक शास्त्र उभे राहू शकले. आपण मृत्यूंच्या आधीच भेटींची नोंद ठेवू लागलो, तर त्या शास्त्राचा उपयोग साथ येण्यापूर्वी होईल.