गाडीखालचा डाग

घरी जुनी बोलेरो किंवा स्कॉर्पिओ असेल, तर रात्री इंजिनाखाली पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी हिरवट किंवा गुलाबी डाग दिसला तर ते कूलंट; काळपट, बुळबुळीत असेल तर ऑइल.

ऑइल ओघळत खाली येतं, वाऱ्याने मागे पसरतं. त्यामुळे थेंब पडतो तिथेच गळती असते असं नाही. इंजिन पुसून स्वच्छ करा, गाडी थोडी चालवा आणि ओल सर्वांत वर कुठे आहे ते बॅटरीच्या उजेडात शोधा. पुष्कळदा टॅपेट कव्हरचं पॅकिंग कडक झालेलं असतं. ते बदलणं सोपं. क्रँकच्या मागच्या सीलसाठी मात्र गिअरबॉक्सच उतरवावा लागतो.

कूलंटसाठी होज पाइपची टोकं आणि वॉटर पंप पाहा. पंपाच्या बारीक भोकातून ओघळ आला असेल, तर आतलं सील गेलं, पंप बदला. डिपस्टिकवर दुधाच्या चहासारखं ऑइल दिसलं तर गाडी सुरूच करू नका. हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर तपासावा लागेल.

इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, उकळतं कूलंट अंगावर उडतं. आणि सांडलेलं कूलंट लगेच पुसून घ्या. ते चवीला गोड असतं. कुत्री-मांजरं चाटतात आणि त्यातल्या इथिलीन ग्लायकॉलने दगावतात.