बोरिवलीच्या नावाची मुसळी



पाऊस लागून आठ-दहा दिवस झाले की बोरिवली, मुलुंडच्या बाजारात फोडशीच्या जुड्या दिसू लागतात. दिसायला गवतच, पात लांब, बुडखा पांढरा. मधला कडक दांडा काढायचा, पातीत अडकलेली माती दोन-तीन पाण्यांनी धुवायची आणि कांदा, मूगडाळ घालून परतायची. ही फोडशी म्हणजे मुसळीच्या जातीतल्या रोपांचा पाला.

यातल्या सफेद मुसळीचं शास्त्रीय नाव आहे क्लोरोफायटम बोरिविलियानम. बोरिविलियानम, म्हणजे आपल्या बोरिवलीचं! 1950च्या दशकात झेवियर्स कॉलेजचे फादर सांतापाव आणि आर. आर. फर्नांडिस यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ही वनस्पती नोंदवली. फादर जन्माने स्पेनचे, पण खंडाळ्याच्या झाडाझुडपांवर त्यांनी अख्खा ग्रंथ लिहिला. लोकलच्या पाटीवर रोज दिसणारं नाव त्यांच्यामुळे जगभरच्या वनस्पतिसंग्रहांत गेलं, याचा मला फार अभिमान वाटतो.

या रोपाचं मोल मुळात आहे. माती उकरली की बोटांसारख्या मांसल मुळ्यांचा झुबका लागतो. सोलून वाळवल्या की त्या पांढऱ्याशुभ्र होतात आणि शक्तिवर्धक म्हणून चढ्या भावाने विकल्या जातात. चिनी वैद्यकात जिनसेंगच्या मुळाला असाच मान. तिथलं रानातलं जिनसेंग खणून खणून दुर्मीळ झालं. आपली रानमुसळीही त्याच वाटेवर आहे.

कारण ही मुळं म्हणजे रोपाची बेगमी. पावसाळा सरला की पानं पिवळी पडतात, जमिनीवर काही उरत नाही. पुढच्या पावसापर्यंत रोप या शिदोरीवर मातीत झोपून राहतं. मुळाच्या डोक्याशी कोंबाची चकती असेल तरच ते पुन्हा फुटतं. नुसती मुळी लावून उपयोग नाही. रानात खणणारा मात्र चकतीसकट सगळा झुबका उचलतो.

मुसळी घ्यायचीच असेल तर वैद्यांना विचारून, आणि शेतात पिकवलेली घ्या. फोडशी जरूर खा. फक्त जुडी उचलण्याआधी एवढं विचारा, “मावशी, कापून आणलीय की मुळासकट उपटून?” कापलेलीच घ्या.