राजगृहातला टॉबी आणि आमच्या गल्लीतली म्हातारी कुत्री

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला कुत्र्यामांजरांवर बोलणार म्हटल्यावर समितीतली काही मंडळी हसली. एका ज्येष्ठ उपासकांनी तर रागानेच विचारलं, "ज्यांना गावात आपल्या बापजाद्यांपेक्षा जास्त मान होता, त्यांचं कौतुक विहारात कशाला?" त्यांचा राग खोटा नाही. महाडच्या चवदार तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती आणि आपल्या माणसाला बंदी होती, म्हणून तर २० मार्च १९२७ चा सत्याग्रह झाला. १४ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईच्या मणिभवनात बाबासाहेबांनी गांधीजींना तोंडावर सांगितलं, की जिथे आम्हांला कुत्र्यामांजराहून हीन वागवतात, तो देश आमचा कसा म्हणायचा.

पण बांधवांनो, त्याच बाबासाहेबांच्या घरचा फोटो आठवा. १९३४ सालचा, दादरच्या राजगृहातला. बाबासाहेब, माता रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई, मुकुंदराव. आपल्यापैकी कैक घरांत तो भिंतीवर आहे. त्यात आणखी एक जण आहे, ज्याच्याकडे आपलं लक्षच जात नाही. तो टॉबी, त्या घराचा लाडका कुत्रा. बाबासाहेबांचं भांडण माणसाला जनावराखाली ढकलणाऱ्यांशी होतं. टॉबीने काय कुणाचा विटाळ मानला होता?

आता आमच्या गल्लीतली गोष्ट. दोन वर्षांपूर्वी एक कुटुंब फ्लॅटमध्ये राहायला गेलं. नऊ-दहा वर्षं त्यांच्या दारात वाढलेली कुत्री मागेच राहिली. कुलपासमोर बसून असायची. रात्री रडायची. आज खरं सांगायला पाहिजे, तिला उचलून न्या म्हणून महापालिकेला द्यायचा अर्ज आम्हीच लिहिला होता. सह्यासुद्धा झाल्या होत्या. तो अर्ज गेला नाही, कारण शेजारच्या आजींनी तिला घरात घेतलं. आजी सत्तरीच्या, एकट्या. मुलगा नोकरीपायी बाहेरगावी, रविवारी त्याचा फोन येतो. आम्ही म्हणालो, "आजी, स्वतःचं होईना, हे लचांड कशाला?" त्या म्हणाल्या, "तिलाबी कुनी न्हाई, मलाबी न्हाई. एकटीसाठी कोन गॅस पेटवतंय? च्या-बटरवर दिस जायचा. आता तिच्यासाठी दोन येळंला रांधते, तवा मीबी खाते." आमच्याकडे उत्तर नव्हतं. अर्ज फाडला.

पुष्कळ म्हाताऱ्या माणसांना वाटतं, जनावर पाळायचं तर पिल्लूच आणावं, म्हणजे लळा लागतो. पिल्लू गोजिरवाणं खरं, पण ते चपला चावतं, जिन्यात घाण करतं, पायात घुटमळून माणसाला पाडतं. शिवाय कुत्रा बारा-चौदा वर्षं जगतो. सत्तरीत पिल्लू आणलं तर शेवटी कोण कुणाला सांभाळणार? सहा-सात वर्षांचं जनावर निवळलेलं असतं. त्याचा स्वभाव आधीच कळतो, सकाळ-संध्याकाळ सावकाश एक फेरी त्याला पुरते. गुडघे धरलेल्यांनी मोठं मांजर घ्यावं, त्याला फेरीही नको. लळा मोठ्या जनावरालाही लागतो, तो आम्ही डोळ्यांनी पाहिला. मुंढव्याला ब्ल्यू क्रॉस आहे, बावधनला रेस्क्यू संस्था आहे, तिथे चौकशी करता येते. पण आधी आपलीच गल्ली बघा.

मात्र हे डोळे उघडे ठेवून करायचं काम आहे. नसबंदी, दरवर्षी रेबीजची लस आणि महापालिकेचा परवाना, यांत हयगय नको. ओरखडा जरी निघाला तरी साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. एकदा लक्षणं दिसली की रेबीजवर इलाज नाही. मिरची-चुना लावणार किंवा मांत्रिकाकडे जाणार असाल तर बावीस प्रतिज्ञा घेतल्या कशाला? रविवारच्या मटणाची शिजलेली हाडंही घालू नका, आतड्यात रुततात. कांदा, मनुका, चॉकलेट तर नकोच.

सम्राट अशोकाने दुसऱ्या शिलालेखात माणसांबरोबर जनावरांच्याही औषधोपचाराची सोय कोरून ठेवली. कुक्कुर जातकात राजाच्या रथाचं चामडं राजवाड्यातली कुत्री खातात आणि मरणाचा हुकूम सुटतो तो बाहेरच्या कुत्र्यांना. जातककथा आम्ही इतिहास म्हणून वाचत नाही, पण हा न्याय आपल्या चांगला ओळखीचा आहे. अर्ज लिहिताना तो आम्हांला आठवला नाही, याची लाज वाटते.

मागच्या हिवाळ्यात आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि त्या अडून बसल्या, "हिला कुनाकडं ठिवू?" तेव्हा महिला मंडळाच्या दोघींनी आळीपाळीने सांभाळलं, म्हणून ते पार पडलं. त्यावरून समितीने एक वही घातली आहे. एका पानावर जनावर पाळणाऱ्या एकट्या ज्येष्ठांची नावं, समोर त्यांच्या आजारपणात किंवा मागे त्या जनावराला सांभाळणाऱ्याचं नाव. आजींनी आपलं नाव घालताना आम्हांला बजावलं, "म्या आधी ग्येले तर तिला पुन्यांदा कुलपाम्होरं बसवू नगा." त्यांच्या समोरच्या रकान्यात आम्ही आमचं नाव लिहिलं आहे. आणखी चार रकाने रिकामे आहेत. वही भोजनदानाच्या टेबलावर ठेवली आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!