करमणुकीच्या बागा : नवे खेळ आणि जुने सूत्र



वसंत व्याख्यानमालेत बोलायला उभे राहणाऱ्याने वेदान्त, राजकारण किंवा वाङ्मय यांपैकी काहीतरी बरोबर आणावे, अशी आपल्याकडे रीत आहे. आम्ही आज पाळणा घेऊन आलो आहोत. विषय कळवला तेव्हा चिटणीसांनी तो दोनदा विचारून घेतला, यात त्यांची काही चूक नाही. करमणुकीच्या बागेतला एक जुना खेळ काढून तिथे नवा बसवायचा, हा काय व्याख्यानाचा विषय झाला? परंतु थोडे सबुरीने ऐकावे. जुने काढून नवे बसवण्याचे काम घरात चालते, गावात चालते, देवळाच्या जीर्णोद्धारात चालते, आणि बहुतेक ठिकाणी ते वाईट रीतीने चालते. बागेत ते उघड्यावर होते, म्हणून तिथे पाहणे सोपे, एवढेच.

पहिल्याने जत्रा आणि हल्ली जिला ‘थीम पार्क’ म्हणतात ती बाग, यांतला फरक सांगितला पाहिजे. धापेवाड्याच्या यात्रेत पाळणा असतो, मौत का कुआँ असतो, जादूगाराचा तंबू असतो, बांगड्यांची दुकाने असतात. यांचा एकमेकांशी संबंध काय? काही नाही. त्यांना एकत्र बांधतो तो विठोबा. उद्या मौत का कुआँ आला नाही तरी यात्रा यात्राच राहते, कारण सूत्र देवळात आहे, तंबूत नाही. थीम पार्कात देऊळ नसते. तिथे खेळांनीच सूत्र विणायचे असते. फाटकातून आत आलेल्या माणसाला बाग एक वचन देते की आता दिवसभर तू या जगात राहशील. मग तिथला उपाहारगृहातला पेला, वाटेवरचा दिवा, पाळण्याचा रंग, सगळ्यांनी ते वचन पाळायचे. अशा बागेतला एक खेळ बदलणे म्हणजे माळेतला मणी बदलणे. मणी सुंदर असून भागत नाही, त्याचे भोक दोऱ्याला जुळावे लागते.

या प्रकाराचा मोठा नमुना म्हणजे अमेरिकेतील कॅलिफोर्नियात 17 जुलै 1955 रोजी उघडलेले डिस्नेलँड. त्या बागेत भविष्यकाळ दाखवणारा एक विभाग होता. 1986 सालचे जग कसे असेल ते त्यात दाखवले होते. आता गंमत पाहा. राजवाडा जुना होत नाही, कारण तो आधीच जुना असतो. जंगल जुने होत नाही. पण भविष्यकाळ मात्र दर दहा वर्षांनी शिळा होतो. तिथे 1957 साली प्लॅस्टिकचे एक ‘भविष्यातले घर’ उभारले होते. दहा वर्षांत ते कालबाह्य ठरून पाडायला काढले, तेव्हा पाडणाऱ्यांचा लोखंडी गोळा त्याच्या भिंतीवरून उसळून परत येऊ लागला. कल्पना मेली आणि भिंती जिवंत राहिल्या! अखेर मोठ्या मुश्किलीने तुकडे करून ते काढावे लागले. अशा विभागात बदल टाळताच येत नाही. बदल हेच त्याचे सूत्र आहे.

आपल्या महाराष्ट्रात मुंबईजवळ गोराईला 1989 साली एस्सेलवर्ल्ड सुरू झाले. आमच्या पिढीतल्या कितीतरी विदर्भातल्या मुलांनी मुंबई म्हणजे समुद्र आणि एस्सेलवर्ल्ड एवढेच मानले होते. ते 2022 साली बंद झाले. खरे सांगायचे तर ती सूत्राची बाग नव्हतीच, ती यंत्रांची जत्रा होती, आणि तिथे नवे यंत्र आणताना कुणाला फार विचार करावा लागला नसेल. खोपोलीजवळ 2013 साली उघडलेल्या इमॅजिकात मात्र प्रत्येक खेळाला गोष्ट लावण्याचा प्रयत्न झाला. अलिबाबा आणि चाळीस चोर, झपाटलेला सलीमगढ, सिनेमातला मिस्टर इंडिया, आणि पाण्यातून होडीने जायची राजासॉरसची सफर. यांतला राजासॉरस आम्हांला सर्वांत आवडला, आणि तो भयंकर आहे म्हणून नव्हे. नर्मदेच्या खोऱ्यात ज्याची हाडे सापडली, 2003 साली ज्याचे शास्त्रीय नाव ठरले, तो हा इथल्या मातीतला प्राणी. परक्या देशाचा डायनोसॉर आणून बसवण्यापेक्षा आपला शोधून काढणे, यात कुणाची तरी नजर दिसते. बाकी अलिबाबाच्या शेजारी मिस्टर इंडिया का, याचे उत्तर आम्हांला त्या बागेत सापडले नाही.

आता पुण्याचे एक उदाहरण सांगतो, कारण त्यात या विषयाची सगळी दुखणी एकत्र आहेत. पर्वतीच्या पायथ्याशी सवाई माधवरावांच्या काळी पेशव्यांचा शिकारखाना होता. तिथल्या गेंड्याचे चित्र गंगाराम तांबट या चित्रकाराने 1790 साली काढले. त्याच परिसरात 1953 साली पेशवे पार्क झाले. म्हणजे जागा, नाव आणि जनावरे, तिन्ही एकमेकांना धरून होती. पुढे 1956 साली तिथे ‘फुलराणी’ ही छोटी आगगाडी सुरू झाली. लहान मुलांना घेऊन ती झाडीतून फेरी मारी. पुण्याला ज्यांचा मामा होता त्या सर्वांना ही गाडी ठाऊक आहे, आणि ज्यांचा नव्हता त्यांनी ती पाठ्यपुस्तकातल्या चित्रासारखी मनात धरली आहे.

शहर वाढले. भर वस्तीत, अपुऱ्या पिंजऱ्यांत वाघ-अस्वले कोंडून ठेवणे बरे नव्हे, हे सर्वांना कळू लागले. 1999 साली कात्रजला राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुरू झाले आणि पेशवे पार्कातली जनावरे तिकडे गेली. हा बदल योग्यच होता. ज्या करमणुकीत दुसऱ्या जिवाचा कोंडमारा आहे ती आठवणींच्या जोरावर टिकवू नये. पण मग मागे उरलेल्या बागेचे काय? तिथे ऊर्जा उद्यान झाले. मुलांनी खेळावे आणि खेळता खेळता ऊर्जा कशी निर्माण होते ते समजून घ्यावे, अशी योजना. कल्पना चांगली आहे. आम्ही तिच्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही. तथापि नाव पेशव्यांचे, विषय विजेचा आणि गाडी फुलराणी, या तिघांना बांधणारा दोरा कुठे आहे ते कुणी सांगितले नाही. जुने सूत्र गेले ते नाइलाजाने, नवे आले ते चांगल्या हेतूने, आणि दोहोंच्या मध्ये लोकांनी धरून ठेवली ती फक्त गाडी. वास्तविक तीच गाडी सूत्र होऊ शकली असती. पेशव्यांच्या शिकारखान्यापासून सौरऊर्जेपर्यंत एका फेरीत घेऊन जाणारी गाडी! पण ‘काय काढायचे’ याची यादी करताना ‘काय राहणार आहे’ याची यादी बहुधा कुणी करीत नाही.

नाइलाजाने बदल कसा करावा लागतो याचे अगदी अलीकडचे उदाहरण अमेरिकेतले आहे. डिस्नेलँडमध्ये 1989 साली ‘स्प्लॅश माउंटन’ हा खेळ उघडला. ओंडक्याच्या होडीत बसायचे, गुहांतून गाणी ऐकत जायचे आणि शेवटी उंचावरून पाण्यात धाडकन उतरायचे. लोकांचा जीव होता त्याच्यावर. परंतु त्याची गोष्ट घेतली होती 1946 सालच्या एका चित्रपटावरून, आणि त्या चित्रपटात काळ्या लोकांचे जे गोड, आज्ञाधारक चित्र रंगवले होते ते पुढच्या पिढ्यांना लाज आणणारे वाटले. 2023 साली खेळ बंद झाला. 2024 साली तोच डोंगर, तेच पाणी, तीच उडी ठेवून टियाना नावाच्या काळ्या राजकन्येची गोष्ट तिथे घातली गेली. शरीर तेच, आत्मा नवा.

आता आमच्या विषयाची मख्खी इथे आहे. कॅलिफोर्नियाच्या बागेत या डोंगराशेजारी 1966 पासून न्यू ऑर्लीन्स शहराचा विभाग आहे आणि टियाना ही त्याच शहराची मुलगी. त्यामुळे नवी गोष्ट शेजारच्या घरात सून म्हणून यावी तशी सहज आली. त्या आवाराचे नावही बदलून घेतले. परंतु फ्लॉरिडाच्या बागेत हाच खेळ पश्चिमेकडच्या सरहद्दीवरील विभागात आहे, शेजारी खाणी आणि गुराखी. तीच गोष्ट, तेच यंत्र, पण तिथे ‘ही इथे कशी?’ हा प्रश्न लोकांनी विचारला. एकाच खेळाने एके ठिकाणी सूत्र पक्के केले आणि दुसरीकडे सैल केले. म्हणजे खेळ चांगला की वाईट हे केवळ खेळाकडे पाहून ठरत नाही, त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला काय उभे आहे तेही पाहावे लागते.

हॉलंडात एफ्टेलिंग नावाची बाग आहे. 1952 साली अँटन पीक या चित्रकाराच्या रेखाटनांवरून तिथे परीकथांचे वन उभारले गेले. तिथे 1978 पासून एक भुतांचा वाडा होता. तो 2022 साली बंद केला आणि 2024 साली त्याच जागी नवा खेळ उघडला. जुन्या वाड्यात सँ-साँस या फ्रेंच संगीतकाराची ‘डान्स मकाब्र’ ही रचना वाजत असे. नव्या खेळात यंत्र नवे, इमारत नवी, पण संगीत तेच, आणि खेळाला नावही त्या रचनेचेच दिले. लोकांच्या कानांत जे राहिले होते ते त्यांनी ओळखले आणि नेमके तेवढे उचलून पुढे नेले.

हे सारे परदेशी शहाणपण आहे असे मात्र समजू नका. नागपूरची मारबत आपण सर्वांनी पाहिली आहे. काळी आणि पिवळी मारबत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून तान्ह्या पोळ्याच्या दिवशी निघतात. त्यांचा रंग, त्यांची वाट, त्यांची शेवटची आग ठरलेली. आणि बडगे? बडगे दर वर्षी नवे. कधी महागाईचा, कधी भ्रष्टाचाराचा, कधी एखाद्या पुढाऱ्याचा. गेल्या वर्षीचा बडगा या वर्षी कुणाला आठवत नाही आणि तो आठवू नये हीच योजना आहे. पण कुणी उठून म्हणाला की यंदा मारबतच गुलाबी करू, म्हणजे तरुण मंडळींना आवडेल, तर इतवारीतले लोक त्याचाच बडगा करतील. कोणती वस्तू मारबत आहे आणि कोणती बडगा, हे त्या लोकांना शिकवावे लागलेले नाही. बागा बांधणाऱ्या मंडळींना ते समजत नाही, कारण त्यांच्यासमोर नकाशा असतो आणि नकाशात दोन्ही चौकोनच दिसतात.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका यात्रेत एका पाळणेवाल्याशी आमचे बोलणे झाले. त्याच्याकडे हाताने फिरवायचा चार पेट्यांचा लाकडी पाळणा होता. तो काढून त्याने विजेवरचा लोखंडी उंच पाळणा आणला होता. जागा मात्र जुनीच, चिंचेखालची, अडचणीची. पलीकडे मोकळे मैदान असताना इथे का, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, “साहेब, लोक पाळण्यात बसाले येतेत हे खरं. पण त्याहून जास्त लोक पाळण्यापाशी भेटाले येतेत. म्या पाळणा हलवला, तं माय इकडं अन् लेकरू तिकडं.” जुना खेळ आपल्या तिकिटाबाहेर काय काय काम करीत असतो, हे या माणसाने ओळखले होते. कुणाला तो खूण असतो, थकलेल्या आजीला बसायची सावली असतो, मोठ्या भावाच्या धाडसी खेळाची वाट पाहत असलेल्या धाकट्याची तो समजूत घालतो. खेळ काढताना ही कामे कोण करणार, ते आधी ठरवावे लागते.

आता आपल्या गावाकडे येतो. अलीकडे कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी बाग केली की फायबरचा एक डायनोसॉर, एक जिराफ आणि ‘आय लव्ह’ अमुक अशी दिव्यांची अक्षरे बसवतात. दोन पावसाळ्यांत डायनोसॉरची शेपटी तुटते, अक्षरांतला एक दिवा जातो, आणि मग तो काढून त्याच किमतीचा दुसरा प्राणी येतो. यात पैसा तुमचा-आमचा असतो. काटोलला कधी अशी बाग करायची झाली तर तिचे सूत्र बाहेरून आणण्याची काही गरज नाही. गावात प्रादेशिक फळ संशोधन केंद्र आहे, भोवती संत्र्याच्या बागा आहेत. आंबिया आणि मृग या दोन बहरांवर बागेचे वर्ष चालते. त्या वर्षाच्या फेऱ्यावरच एखादी गाडी फिरवता येईल. एका टप्प्यावर ताण दिलेली, पाने सुकलेली झाडे, पुढच्या टप्प्यावर फुलांचा वास, मग फळ, मग पेट्या भरणारी मंडई. यंत्र पुढे बदलावे, चित्रे बदलावीत, पण फेरा तोच राहील.

आणि कुणाला आकाशातलेच काही हवे असेल, तर 22 मे 2012 रोजी दुपारी काटोलच्या आसमंतात उल्का पडल्या, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. त्या दगडात शास्त्रज्ञांना ब्रिजमनाइट हे खनिज सापडले आणि त्याचा अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. पृथ्वीच्या पोटात फार खोलवर विपुल असलेले, पण वर क्वचितच हाती लागणारे हे खनिज. ते आपल्या गावी आकाशातून उतरले! असा दगड ज्या गावात पडतो तिथे तुटक्या शेपटीचा डायनोसॉर आणून उभा करणे, याला आम्ही तरी आळसच म्हणू.

अध्यक्षांनी मघाशी घड्याळाकडे पाहिलेले आम्ही पाहिले. त्या पाळणेवाल्याचे एवढेच सांगायचे राहिले. जुन्या लाकडी पाळण्याचे काय केले, असे आम्ही त्याला विचारले होते. त्याने मागे बोट दाखवले. चिंचेच्या बुंध्याशी त्यातली एक पेटी उभी करून, तिच्यावर ताडपत्री टाकून, त्याची बायको आत बसली होती आणि तिकिटे फाडून देत होती. पेटीवरचा निळा मोर तसाच होता.