घरून ऑडिट शिकताय? मग हा एपिसोड तुमच्यासाठी

लोकलमध्ये असाल तर इअरफोन नीट लावा, घरी असाल तर पंखा थोडा कमी करा. आजचा विषय आहे ऑडिट ट्रेनी म्हणून घरून काम करणं. तुमच्यापैकी अनेकांनी मेसेज करून विचारलं होतं, "ओजेटीला सीए ऑफिस मिळालंय, पण काम घरूनच आहे. यातून खरंच काही शिकता येतं का?" माझं उत्तर आहे, हो, येतं. पण आपोआप येत नाही.

मी घाटकोपरच्या एका छोट्या सीए ऑफिसात काम करते. दर सीझनला आमच्याकडे दोन-तीन मुलं येतात. कुणी मुलुंडचं, कुणी बोरिवलीचं, कुणी अंधेरीचं. त्यांच्याबरोबर काम करताना जे दिसलं, ते आज सांगते.

आधी नियमाचं बोलू, कारण इथे बराच गोंधळ आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर मुंबई विद्यापीठात २०२३-२४ पासून एम.कॉम.च्या पहिल्या वर्षात, दुसऱ्या सेमिस्टरला ऑन जॉब ट्रेनिंग आलं. ४ क्रेडिट, म्हणजे १२० तास. हे वेगळं आणि सीएची आर्टिकलशिप वेगळी. आर्टिकलशिपसाठी इंटरमीडिएटचे दोन्ही ग्रुप पास व्हावे लागतात, सीए इन्स्टिट्यूटकडे नोंदणी होते, आणि जुलै २०२३ पासूनच्या नव्या योजनेत ती २ वर्षांची झालीये. तुमचे ओजेटीचे १२० तास त्यात मोजले जात नाहीत. काही जण या समजात असतात की इथे केलं म्हणजे तिकडचे दोन-तीन महिने वाचले. नाही वाचत. वाचते ती पहिल्या दिवसाची भीती, आणि तीही काही कमी नाही.

आता घरून काम हे आलं कुठून? मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली. जूनमध्ये ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी सुरू झाली. सर्वसामान्यांना परत लोकलमध्ये चढायला मिळालं ते १ फेब्रुवारी २०२१ ला, तेही ठरावीक वेळेतच. आता विचार करा, ऑडिट म्हणजे तोपर्यंत काय होतं? क्लायंटकडे जायचं, टेबलावर फाइलींचा ढीग, एकेक व्हाउचर उलटायचं, हिरव्या पेनने टिक मारायची. ते सगळं अचानक स्कॅन, ईमेल आणि व्हिडिओ कॉलवर आलं. लॉकडाउन संपलं, पण ही सवय काही पूर्ण गेली नाही. छोट्या ऑफिसात जागा कमी, क्लायंटचा हिशेब क्लाउडवर, मग ट्रेनीला घरून बसवणं सोयीचं वाटतं.

आणि खरं सांगायचं तर बरंच काम घरून होतं. बँक रिकन्सिलिएशन होतं. खरेदीची नोंद जीएसटीआर-२बी शी जुळवून बघता येते. टीडीएस २६एएस शी ताळून बघता येतो. लेजर वाचता येतं. बोरिवलीहून येणारी एक मुलगी सांगायची, दादरला गाडी बदलून यायचं म्हणजे जाऊन-येऊन रोजचे तीन तास. ते तीन तास वाचले तर अभ्यास होतो. मुद्दा बरोबरच आहे.

मग अडतं कुठे? अडतं ते इथे. घरी बसलेल्या ट्रेनीसमोर फक्त तेवढंच येतं, जे कुणीतरी पाठवलंय. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण आजचा सगळा एपिसोड यावरच आहे.

क्लायंटच्या ऑफिसात बसलेलं असताना तुम्हाला न पाठवलेलंही दिसतं. गोडाउनच्या कोपऱ्यात दोन वर्षांची धूळ खात पडलेला माल दिसतो. पुस्तकात २० कामगारांचा पगार आहे आणि समोर मशीनवर ८ जणच आहेत, हे दिसतं. अकाउंटंट एका फाइलचं नाव काढलं की विषय बदलतो, हेही दिसतं. पीडीएफमध्ये यातलं काहीच नसतं.

आता तुम्ही म्हणाल, आपण तर साधे ट्रेनी, आपल्या टिकेने काय फरक पडतो? म्हणून आपल्याच लाइनवरचं उदाहरण देते. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक, आपली पीएमसी बँक. हेड ऑफिस भांडुपला, एलबीएस रोडवर, ड्रीम्स मॉलमध्ये. मुलुंड आणि घाटकोपरच्या मधलं स्टेशन. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि खातेदारांना सांगितलं की खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येतील. पुढे ती मर्यादा वाढत गेली, पण त्या आठवड्यात बँकेबाहेर उभे असलेले लोक आठवतात का? कुणाचं पेन्शन, कुणाची मुलीच्या लग्नाची एफडी, कुणाच्या सोसायटीचा मेंटेनन्स फंड.

झालं काय होतं? बँकेच्या कर्जातला फार मोठा हिस्सा, ७० टक्क्यांहून जास्त, एकाच बिल्डर ग्रुपकडे अडकला होता आणि तो लपवला गेला होता. पोलिसांकडच्या तक्रारीनुसार ती ४४ कर्जखाती झाकण्यासाठी २१,०४९ खोटी कर्जखाती दाखवली गेली. ही खाती तपासणीसाठी दिलेल्या यादीत होती, बँकेच्या मूळ कोअर बँकिंग सिस्टिममध्ये मात्र नव्हती. पुढे बँकेच्या ऑडिटरनाही अटक झाली. आणि बँक जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली.

यादी होती. आकडे जुळत होते. बेरीज बरोबर येत होती. पण यादी आली कुठून? हा प्रश्न हजारो घरांच्या पैशांचा प्रश्न होता. आणि आज तुम्हाला घरी मेलवर काय येतं? एक एक्सेल. एक यादीच.

दुसरं उदाहरण सत्यमचं. ७ जानेवारी २००९ ला कंपनीच्या चेअरमनने पत्र लिहून कबूल केलं की पुस्तकात दाखवलेल्या रोख आणि बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. पुढे २०११ मध्ये अमेरिकेच्या एसईसीने ऑडिटरवर कारवाई करताना जे म्हटलं ते ट्रेनीने पाठ करावं असं आहे: बँकेला पाठवायची कन्फर्मेशनची पत्रं आणि त्यांची उत्तरं, दोन्ही ऑडिटरने कंपनीच्या हातात सोडली होती. म्हणजे ज्याचा हिशेब तपासायचा त्यालाच पोस्टमन केलं!

तर मग घरी बसून हे टाळायचं कसं? मी आमच्या मुलांना पाच सवयी सांगते.

पहिली. कुठलाही रिपोर्ट आला की विचारा, हा सॉफ्टवेअरमधून थेट काढलाय की कुणी एक्सेलमध्ये बनवलाय? शक्य असेल तर स्क्रीन शेअर करून आपल्यासमोर काढायला सांगा. कॉलवर पाच मिनिटं जातात. अकाउंटंट कुरकुर करेल, करू दे. नम्रपणे म्हणायचं, "काका, तेवढं एकदा माझ्यासमोर काढून दाखवाल का, मला पेपरमध्ये तसं लिहावं लागतं." बहुतेक जण दाखवतात. जो तीन वेळा टाळतो, त्याचं टाळणं हीसुद्धा माहितीच आहे. ती सीनियरला कळवा.

दुसरी. कन्फर्मेशन. बँकेचं असो की देणेकऱ्याचं, पत्र आपल्या ऑफिसातून गेलं पाहिजे आणि उत्तर थेट आपल्या ऑफिसच्या मेलवर आलं पाहिजे. क्लायंटने फॉरवर्ड केलेलं उत्तर हे कन्फर्मेशन नाही. आणि उत्तर ज्या पत्त्यावरून आलंय तो मेल आयडी त्या कंपनीचाच आहे का, तेही बघा. ऑडिटिंग स्टँडर्ड ५०५ मध्ये हेच तर सांगितलंय, नियंत्रण ऑडिटरकडे हवं.

तिसरी. व्हिडिओ कॉलवर स्टॉक बघायचा असेल तर कॅमेरा कुठे वळवायचा ते तुम्ही सांगा. समजा साकीनाक्याच्या एखाद्या गाळ्यातला माल मोजायचाय. समोरचा माणूस चकचकीत रॅक दाखवत पुढे जातो. त्याला थांबवा. "डावीकडे, खालून दुसरा खोका, तो उघडा." मध्येच नेटवर्क गेलं तर परत त्याच जागेपासून सुरू करा, कारण त्या दोन मिनिटांत तोच खोका दुसऱ्या रॅकवर जाऊ शकतो. आणि जिथे माल मोठा आहे, तिथे सीनियरला स्पष्ट सांगा की इथे कुणीतरी प्रत्यक्ष गेलं पाहिजे.

चौथी. एडिट लॉग मागा. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल लागतो, म्हणजे कोणती नोंद कधी बदलली याचा माग राहतो आणि तो बंद करता येता कामा नये. मार्चच्या तारखेची नोंद ऑगस्टमध्ये बदलली असेल तर ती तुम्हाला मुलुंडच्या बेडरूममधूनही दिसते. जुन्या काळच्या ट्रेनीला हे हत्यार नव्हतं.

पाचवी, आणि सगळ्यात महत्त्वाची. लिहून ठेवा. स्टँडर्ड २३० ची कसोटी अशी आहे की त्या ऑडिटशी आधी काहीही संबंध नसलेल्या अनुभवी ऑडिटरला नुसती फाइल वाचून कळलं पाहिजे की काय तपासलं, काय सापडलं, निष्कर्ष काय काढला. ऑफिसात बाजूच्या खुर्चीवर सीनियर असतो, तोंडी सांगून भागतं. घरून तसं भागत नाही. "तपासले, बरोबर आहे" हे काही वर्किंग पेपर नाही. कोणती ३० बिलं घेतली, का तीच घेतली, त्यातल्या कुठल्या दोनवर सही नव्हती, हे लिहा.

आता घरातलं बोलू. वन आरके किंवा वन बीएचके, बाबांची नाइट शिफ्ट, आईचं कुकर, भावाचं कॉलेज, आणि लॅपटॉप एकच. ही आपली उपनगरातली वस्तुस्थिती आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण त्या लॅपटॉपवर एखाद्या कंपनीच्या पगाराची शीट असते, हे विसरू नका. वेगळा यूजर आणि पासवर्ड ठेवा. फाइली घरच्या ग्रुपवर पाठवून प्रिंट काढू नका. क्लायंटचं बँक स्टेटमेंट फुकटच्या पीडीएफ वेबसाइटवर किंवा एआय चॅटमध्ये टाकू नका. आणि शेजारच्या काकांच्या कंपनीचं ऑडिट असेल तर तो विषय जेवणाच्या ताटावर काढू नका. गोपनीयता म्हणजे शेवटी एवढंच असतं.

शंका विचारायची लाज ही दुसरी अडचण. ऑफिसात चहाच्या वेळी सहज विचारता येतं, फोनवर वाटतं मॅम चिडतील. माझा सल्ला, शंका साठवा, दिवसातून दोनदा एकत्र पाठवा, आणि प्रत्येक शंकेबरोबर "मला असं वाटतं" हे जोडा. सीनियरला त्यातून तुमचा विचार दिसतो. आणि आठवड्यातून एक दिवस तरी ऑफिसात किंवा क्लायंटकडे नेण्याची विनंती करा. सुरुवातीलाच करा, शेवटच्या आठवड्यात नको.

शेवटचा मुद्दा थोडा कडू आहे. काही मुलं म्हणतात, "ओळखीचे सीए आहेत, १२० तासांचं सर्टिफिकेट असंच देतील." घरून काम असलं की हे आणखी सोपं, कुणी बघायला येत नाही. पण जरा विचार करा. ऑडिटर म्हणजे दुसऱ्याने लिहिलेलं खरं आहे की नाही हे सांगणारा माणूस. त्याच्या करिअरचा पहिलाच कागद न केलेल्या कामाचा असेल, तर उद्या क्लायंटला "हे व्हाउचर खोटं वाटतंय" म्हणताना आवाज कुठून येणार? भांडुपच्या त्या रांगेत उभ्या असलेल्या आजोबांनी बँकेचा ताळेबंद वाचला नव्हता. खाली कुणाची तरी सही आहे, एवढ्यावर त्यांनी विश्वास ठेवला होता. तुमची ती सही व्हायला अजून काही वर्षं आहेत, तिच्यामागची सवय मात्र या १२० तासांतच लागते.

तर आजच एक काम करा. तुमच्याकडे आलेली शेवटची एक्सेल उघडा आणि ती कुणी, कुठून, कधी काढली हे वर एका ओळीत लिहा. लिहिता नाही आलं, तर उद्या सकाळचा पहिला फोन कुणाला करायचा ते ठरलं.

पुढच्या एपिसोडमध्ये बँक रिकन्सिलिएशन अगदी पहिल्यापासून बघू. हा एपिसोड ओजेटी करणाऱ्या एका तरी मित्राला पाठवा. भेटूया, काळजी घ्या!