पाणी ओसरल्यावर



आमच्या सांगलीत पावसाळ्यात कुणी 'पाणी किती आलं?' असं विचारलं, की उत्तर फुटांत द्यायचं असतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. इथल्या शाळकरी पोरांनाही हे आकडे पाठ असतात. २००५ साली पाणी ५३ फुटांवर गेलं, तेव्हा जुनी माणसं म्हणाली की असा पूर पुन्हा व्हायचा नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या पुढे गेलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा ५४ फूट ओलांडले.

पुरावर कविता लिहिणं सोपं असतं. मीही लिहिल्या आहेत. पण आज मला कवितेविषयी बोलायचं नाही. पाणी ओसरल्यानंतर दुकानात, कचेरीत, स्टुडिओत काय होतं आणि आपण घाईघाईनं काय करतो, त्याविषयी बोलायचं आहे. कारण त्यातली एक चूक माझ्या हातून झालेली आहे.

बाजारपेठेत एक तीन मजली व्यापारी संकुल आहे. खाली गाळे, मध्ये कचेऱ्या आणि वर गच्चीखाली एका तरुणानं थाटलेली रेकॉर्डिंगची खोली. तळमजल्याच्या कोपऱ्यातल्या गाळ्यात आमच्या अण्णांचा फोटो स्टुडिओ. अण्णा सत्तरीच्या पुढचे. गावातल्या दोन पिढ्यांची लग्नं, निकाह, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो, सगळं त्यांच्या कपाटात पाकिटं घालून, तारखा लिहून ठेवलेलं. २००५ च्या पाण्याची खूण त्यांनी भिंतीवर तेलरंगानं करून ठेवली होती. २०१९ ला इशारा मिळताच त्यांनी सगळी पाकिटं त्या खुणेच्या दीड फूट वर, पोटमाळ्यावर रचली. पाणी त्याच्याही वर गेलं.

पाणी ओसरल्यावर शटर उचललं. गाळ्यात घोटाभर गाळ. आम्ही दहा-बाराजण मदतीला गेलो होतो. कुणी फावडं घेतलं, कुणी पाइप लावला. माझ्या वाट्याला फोटोंची पाकिटं आली. फोटो एकमेकांना चिकटून त्यांच्या विटा झालेल्या. वाळले तर कायमचे चिकटतील, असं मला वाटलं आणि मी ते एकेक करून सोडवू लागलो. तिसऱ्या-चौथ्या फोटोला हातात नुसता पांढरा कागद आला. चेहरा वरच्या फोटोच्या पाठीला चिकटून गेला होता. तरी मी थांबलो नाही. वाटलं, पुढचा नीट निघेल.

त्यातला एक फोटो गल्लीतल्या एका आजींच्या मुलाचा होता. मुलगा वारलेला. त्यांच्या घरातली प्रत पुरात गेली, म्हणून त्या दोन दिवसांनी अण्णांकडे आल्या. अण्णांनी माझं नाव सांगितलं नाही. मला एवढंच म्हणाले, "असू द्या भाई, तुम्ही मदतच करत होता." ते वाक्य मला शिवीपेक्षा जड गेलं.

मग मी माहिती काढू लागलो. माझं शिक्षण बी.ए.चं, तेही मराठी घेऊन. पण जाणत्यांना विचारायला पदवी लागत नाही.

फोटोच्या कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो, चित्र त्या थरात असतं. पाण्यानं तो फुगतो, मऊ होतो. अशा वेळी ओढलं की चित्र निघून येतं. चिकटलेले फोटो ओढायचे नाहीत आणि उन्हातही टाकायचे नाहीत. स्वच्छ थंड पाण्याच्या घमेल्यात ठेवायचे, आपोआप सुटतील तेवढेच वेगळे करायचे. मग चित्र वर ठेवून टीपकागदावर किंवा स्वच्छ कपड्यावर सावलीत वाळवायचे. निगेटिव्ह कडेला धरून धुवायची आणि दोरीवर चिमट्यानं टांगायची. पण पाण्यातही फार दिवस ठेवून चालत नाही. एक-दोन दिवसांत काम उरकण्यासारखं नसेल, तर पिशव्यांत भरून सरळ डीप फ्रीजरमध्ये ठेवायचं. गोठलेल्या मालाला बुरशी लागत नाही आणि सवडीनं काम करता येतं. कागदपत्रांना, वह्यांनाही हेच लागू. जुन्या काचेच्या निगेटिव्ह मात्र गोठवायच्या नाहीत.

नोव्हेंबर १९६६ मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात आर्नो नदीचं पाणी तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात शिरलं होतं. लाखो ग्रंथ चिखलात गेले. भिजलेला कागद वाचवण्याचं आजचं शास्त्र बरंचसं त्या पुरानंतर घडलं. आमच्या गाळ्यापासून चार दुकानांवर आइस्क्रीमवाल्याचा फ्रीजर होता. तो वरच्या मजल्यावर नेऊन जनरेटरवर चालवता आला असता. कुणाला सुचलंच नाही.

दुसरी घाई विजेची. शटर उचललं की हात आधी बटणाकडे जातो. मीटर, वायरिंग, बोर्ड पाण्याखाली गेलेले असतील, तर वायरमननं तपासल्याशिवाय वीज चालू करायची नाही. संगणक आणि हार्ड डिस्क 'चालतेय का बघू' म्हणून लावायची नाही. ओल्या डिस्कमधला मजकूर पुष्कळदा परत मिळवता येतो. आपण वीज सोडली की ती शक्यताही जाते.

तिसरी घाई तळघराची. तळघरात पाणी दिसलं की दोन-दोन पंप लावून ते एका दमात उपसतात. पण बाहेरची जमीन पाण्यानं भरलेली असते आणि ती भिंतीला बाहेरून रेटत असते. आतल्या पाण्याचा टेका एकदम काढला, तर भिंत आत येऊ शकते. बाहेरचं पाणी उतरेल तसं थोडं थोडं उपसावं. आणि हे पाणी गटाराचंही असतं. गमबूट आणि हातमोजे घातल्याशिवाय त्यात उतरू नये. पायाला जखम असेल तर मुळीच नाही. लेप्टोचा ताप असाच येतो.

चौथी घाई रंगाची. शेजारच्या कापड दुकानदारानं त्या दिवाळीला गाळा नवाकोरा केला. होळीपर्यंत भिंतीवर पांढरा खार फुटला, रंगाचे पोपडे सुटले, कपाटामागे काळी बुरशी चढली. तो रंगाऱ्याला शिव्या देत होता. बिचाऱ्या रंगाऱ्याचा काय दोष? भिंत वरून कोरडी दिसते, आत ओलीच असते. जाणकारांचा ढोबळ हिशेब असा, की विटेची भिंत वाळायला जाडीच्या इंचाला एक महिना लागतो. वरून ऑइलपेंट किंवा टाइल लावली, की ओल आत कोंडली जाते. भिजलेला गिलावा सुटला असेल तर काढून टाकावा, भिंत उघडी ठेवावी, कपाटं वीतभर पुढे ओढावीत आणि पंखे चालू ठेवावेत. श्रावणात बाहेरची हवाच दमट असते, तेव्हा नुसत्या खिडक्या उघडून भागत नाही. हवेतली ओल शोषणारं यंत्र मिळालं, तर चार गाळेधारकांनी मिळून भाड्यानं आणावं.

आता वरच्या मजल्यावर जाऊ. पूर तिथवर पोचला नाही, त्यामुळे रेकॉर्डिंगवाला तरुण स्वतःला नशीबवान समजत होता. पण त्याचं पाणी वरून आलं. गच्चीच्या पन्हाळीत कचरा तुंबलेला, कोब्याला भेग. आवाज घुमू नये म्हणून अशा खोलीच्या भिंतींना ग्लासवूल, फोम आणि वर कापड लावलेलं असतं, खाली गालिचा असतो, खिडकी नसते. म्हणजे पाणी धरून ठेवायला आणि बुरशी वाढायला यापेक्षा चांगली सोय नाही. ओल एक-दोन दिवस टिकली तरी बुरशी धरू लागते. त्याला ती दिसली नाही, वासानं कळली. कापड फाडून पाहिलं तर आतलं सगळं काळं. भिजलेलं ग्लासवूल वाळवून पुन्हा वापरण्यात अर्थ नसतो. ते काढून टाकावंच लागतं.

हीच ओल स्लॅबमधल्या सळईपर्यंत पोचली, की सळई गंजते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो. तो काँक्रीटला आतून फोडतो, आणि एक दिवस छताचा तुकडा खाली येतो. त्या तरुणानं दोन वर्षं तक्रार केली होती. गच्ची सामाईक. खालचे म्हणत, आमच्याकडे कुठं गळतंय? संकुलात गळणारं पाणी सगळ्यांचं असतं, दुरुस्तीचा खर्च मात्र कुणाचाच नसतो.

विम्याचं सांगतो. १ एप्रिल २०२१ पासून लहान व्यावसायिकांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी आली, तिच्यात पुराचं संरक्षण आहे. पण साफसफाईच्या आधी फोटो काढा, विमा कंपनीला ताबडतोब कळवा, मालाच्या नोंदवहीची प्रत दुकानाबाहेर ठेवा. वर्षानुवर्षं झिरपणाऱ्या ओलीची भरपाई सहसा मिळत नाही. आणि आग व पुराच्या नेहमीच्या पॉलिसीत हस्तलिखितं, नकाशे, कलावस्तू वेगळ्या नोंदवल्याशिवाय धरल्या जात नाहीत. कवीनं आणि फोटोवाल्यानं हे कलम नक्की वाचावं.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आलं. या खेपेला अण्णांची पाकिटं दोन दिवस आधीच तिसऱ्या मजल्यावर गेली होती. आइस्क्रीमवाल्याचा फ्रीजरही वर होता. मीटरचे बोर्ड उचलून पहिल्या मजल्यावर बसवले होते. गच्चीसाठी गाळेधारकांनी वर्गणी काढली होती, भांडत का होईना. जुन्या निगेटिव्ह स्कॅन करून त्यांची एक प्रत अण्णांनी पुण्याला मुलीकडे ठेवली होती. गाळ्यात गाळ आलाच, पण या वेळी आम्ही तो फक्त उपसला. आत सोडवायला काही ठेवलंच नव्हतं.

त्या आजींच्या मुलाची निगेटिव्ह मात्र आम्हाला सापडली नाही. पाकिटावरची शाईच धुऊन गेली होती. पुढे मी त्यांच्या घरी गेलो आणि फोटो माझ्या हातानं गेला, हे त्यांना सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाचा तरी नीट सोडवा आता."

म्हणून आज हे बोललो. पावसाळा यायच्या आधी एकदा गच्चीवर जा, पन्हाळीत हात घाला. आणि पाणी येऊन गेलं असेल, तर आधी थांबा, विचारा, मग हात लावा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)