या नगरीचें गाणें आणि आपली मंडळी
(महोत्सवाच्या सायंसभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं धर्मगुरूनें उपदेश करावा, अशीच आपली अपेक्षा असावयाची. तो उपदेश सकाळीं मिस्साबलिदानाच्या वेळीं झाला आहे. आतां आम्ही करमणुकीविषयीं बोलणार आहों. महोत्सव समितीच्या बैठकींत एका वडीलधाऱ्या गृहस्थांनीं प्रश्न घातला कीं, मंडळीला वर्षांतून एकदोन वेळां नाटकास अथवा गाण्याच्या बैठकीस नेण्यासाठीं निधींतून खर्च करणें हें चर्चचें काम आहे काय? प्रश्न सरळ मनानें विचारलेला होता, तेव्हां त्याचें उत्तरही तितकेंच सरळ देणें आम्हांस प्राप्त आहे.

आपलीं पुष्कळ कुटुंबें नोकरीधंद्यानिमित्त परजिल्ह्यांतून येथें आलीं. कोणी इस्पितळांत, कोणी शाळेंत, कोणी कारखान्यांत आयुष्य घालविलें. घरापासून कामापर्यंतचा आणि घरापासून चर्चपर्यंतचा असे दोनच रस्ते त्यांच्या पायांस ठाऊक. मागें एक भगिनी निवृत्त होऊन गांवीं परत जातांना निरोप घेण्यास आल्या आणि म्हणाल्या, “फादर, तीस वर्षें मिरजेंत राहिलें, पण सतार कशी करतात तें कधीं पाहिलें नाहीं.” त्यांच्या बोलण्यांत तक्रार नव्हती. परंतु तीस वर्षें ज्या गांवचें अन्न खाल्लें त्या गांवांत त्या पाहुण्याच राहिल्या, ही गोष्ट आमच्या मनाला फार लागली.

मिरजेंत सतार कशी करतात हें पाहण्यास दमडी पडत नाहीं. सतारमेकरांच्या गल्लींत जाऊन नम्रपणें विचारलें कीं कारागीर स्वतः दाखवितात. या धंद्याचे मूळ पुरुष फरीदसाहेब हे शिकलगार, म्हणजे शस्त्रांस धार लावणाऱ्या घराण्यांतले. तलवारींचे दिवस संपत आले तेव्हां, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, त्यांनीं तोच हात तंबोऱ्यावर वळविला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे कडू भोपळे वाळवून त्यांची तुंबडी करावयाची, तिला लाकडाची दांडी जोडावयाची, आणि शेवटीं घोडीवर तार अशी बेतानें टेकवावयाची कीं तिच्यांतून जवारी निघावी. हें शेवटचें काम केवळ कानाचें आहे. पिढ्यान्पिढ्या तें बापाकडून मुलाकडे येतें. 2024 सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. आपलीं मुलें मात्र सतार म्हणजे मोबाइलमधून येणारा एक आवाज इतकेंच जाणतात.

सांगलीची गोष्ट तर याहून मोठी आहे. 1842 च्या सुमारास कर्नाटकांतील भागवत मंडळीचे खेळ येथें झाले. ते पाहून श्रीमंत चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनीं आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांस तसा खेळ मराठींत उभा करण्याची आज्ञा केली. 1843 सालीं ‘सीतास्वयंवर’ झालें. पदें एकटा सूत्रधार म्हणे, पात्रें प्रसंग पाहून आपापलीं भाषणें मनानेंच बोलत, आणि स्त्रियांचीं सोंगें मुलगे घेत. 1851 सालीं श्रीमंत निवर्तले आणि राजाश्रय सुटला, तेव्हां ही मंडळी पोटासाठीं गांवोगांव हिंडूं लागली. त्या भटकंतींतच मराठी नाटक राजवाड्यांतून बाहेर पडून तिकीट काढणाऱ्या सामान्य माणसाचें झालें. सांगलीस दर वर्षीं 5 नोव्हेंबरला रंगभूमिदिन साजरा होतो आणि भाव्यांच्या नांवाचें पदक दिलें जातें. त्या सोहळ्यास आपल्यापैकीं किती जण गेले असतील, हें आम्ही येथें विचारीत नाहीं.

हरिपूर तर सायंकाळीं पायीं जाण्याजोगें आहे. कृष्णा-वारणेचा संगम पाहावा, वाळूंत बसून भडंग खावें, आणि मुलांस सांगावें कीं गोविंद बल्लाळ देवल याच गांवचे. त्यांचें ‘शारदा’ नाटक 1899 सालीं रंगभूमीवर आलें आणि म्हाताऱ्याशीं लहान मुलीचें लग्न लावणाऱ्या बापांस प्रेक्षकांत बसणें अवघड झालें. (पुढें 1929 सालीं झालेल्या बालविवाहविरोधी कायद्यास सारडा कायदा म्हणतात, तें नांव या नाटकावरून पडलें असें कित्येक समजतात, तें हरबिलास सारडा या गृहस्थांवरून पडलें.) आमच्या प्रवचनांनीं इतकें काम किती वेळां केलें असेल, याचा विचार धर्मगुरूंनींच करावा.

आतां दुसरी शंका, जी बैठकींत कोणी उघड बोललें नाहीं. मिरजेस गाणें ऐकावयाचें तर दर्ग्यांत बसावें लागतें, औंधास ऐकावयाचें तर दत्तमंदिराशीं. ख्रिस्ती माणसानें जावें काय? आमचें उत्तर स्पष्ट आहे: जावें. खांसाहेब अब्दुल करीमखां 27 ऑक्टोबर 1937 रोजीं दक्षिणेंत प्रवासांत वारले, त्यांचा देह मिरजेस आणून मीरासाहेबांच्या दर्ग्यांत ठेविला. तेथें त्यांच्या स्मरणार्थ मोठमोठे गवई सेवा म्हणून गातात, आणि ऐकणाऱ्यांत सर्व जातिधर्मांचे लोक असतात. आपण कोणाची उपासना करतों हें ज्याला ठाम ठाऊक आहे त्याला शेजाऱ्याच्या अंगणांत बसण्याचें भय कां वाटावें? पादत्राणें बाहेर काढावीं, सभ्यपणें बसावें, गाणें संपण्यापूर्वीं उठूं नये.

शिवाय या भूमीचें गाणें आपल्या घरीं आधींच आलेलें आहे. फादर स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघी; 1616 सालीं त्यांचें ‘क्रिस्तपुराण’ छापून निघालें तें ओवींत. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्या पंथाचे नव्हत. तरी अभंग व कीर्तन यांस ख्रिस्ती मंडळींत मान मिळवून देण्यांत त्यांचा हात मोठा, आणि 1917 सालीं त्यांनीं ‘देवाचा दरबार’ मांडला तो सातारा येथें. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें 1963 सालच्या उपासनाविषयक संविधानांत लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेस उपासनेंत योग्य स्थान द्यावें असें सांगितलें. तें स्थान देणार कोण? ज्यानें चांगलें गाणें कधीं समोर बसून ऐकलें नाहीं तो आपल्या गायनवृंदांत काय गाणार? पेटीवर दोन स्वर दाबून सर्व भजनें एकाच चालींत ओढण्याची जी रीत पडली आहे, तिचें कारण भक्तीची उणीव हें नसून कानाची उपासमार हें आहे.

आणि खर्चाविषयीं बोलावयाचें तर आम्ही थोडें कडू बोलतों. लग्नांत डीजेच्या भिंती उभ्या करून घरांतल्या म्हाताऱ्यांचीं छातीं हादरविण्यास आपल्याजवळ पैसा असतो. त्या एका रात्रीच्या पैशांत कित्येक घरांचीं नाटकाचीं तिकिटें निघतील. नाटकगृहांत आपल्या स्त्रिया दिसत नाहींत, त्याचें कारणही पैसा नव्हे. घरीं परतण्यास रात्र होते आणि बरोबर कोणी नसतें, हेंच खरें कारण आहे. सर्वांनीं मिळून एका गाडीनें जाण्याचा खर्च निधींतून करावा तो याचसाठीं.

म्हणून पहिली सहल औंधास ठरविली आहे. खटाव तालुक्यांतील या लहानशा गांवीं पंडित अंतुबुवा जोशी यांनीं आपले गुरु शिवानंदस्वामी यांच्या स्मरणार्थ 1940 सालीं संगीत महोत्सव सुरू केला, पुढें त्यांचे चिरंजीव गजाननबुवांनीं तो वाढविला, आणि आश्विन वद्य पंचमीच्या सुमारास तेथें अजून गाणें होतें. दिवसां टेकडीवरील वस्तुसंग्रहालय पाहूं. पंतप्रतिनिधींनीं जमविलेलीं चित्रें मुलांना आवडतील. रात्रीं थंडी असते, घोंगडी किंवा शाल आणावी. भाकरी-चटणी ज्यानें त्यानें आणावयाची, चहा समितीचा. गुडघे धरणाऱ्यांसाठीं चार घडीच्या खुर्च्या गाडींत घेतल्या आहेत. ज्या भगिनींना सोबत नाहीं त्यांनीं आपलीं नांवें आधीं द्यावीं, त्यांच्या जागा प्रथम धरल्या जातील. कार्यक्रम शनिवारीं रात्रीं आला तर रविवारची मिस्सा सायंकाळीं सहा वाजतां होईल, तशी सूचना दारावर लावूं.